विश्लेषण : मूल अठरा वर्षांचे झाले, महाविद्यालयाने आता घरी फोन करायचा की नाही?

प्रवेश अर्जात एक रकाना हमखास असतो : पालकाचा मोबाइल क्रमांक. जून-जुलैच्या गर्दीत तो भरला जातो, लिपिक तो संगणकात टाकतो आणि पुढची तीन-चार वर्षे त्या क्रमांकावर महाविद्यालयाकडून जे येते ते साधारण दोनच प्रकारचे असते. शुल्काचा हप्ता राहिला आहे, किंवा हजेरी कमी पडली आहे. तिसऱ्या प्रकारचा फोन क्वचित येतो आणि तो आला की घरातले सगळे मिळेल त्या गाडीने शहराकडे निघतात. या निरोपांच्या मध्ये जो मोठा काळ जातो, त्यात मूल कसे आहे, कशात अडकले आहे हे घराला कळवायचे का, कळवायचे तर कोणी आणि कोणाला विचारून, याविषयी लेखी धोरण असलेले महाविद्यालय शोधावे लागते.

हा प्रश्न आता टाळता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार सज्ञान विद्यार्थ्याच्या माहितीवर हक्क त्याचा स्वतःचा. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने, विद्यार्थ्याची हजेरी कमी होत असेल तर पालकांना दरमहा कळवा, असे विधी महाविद्यालयांना सांगितले. एक पाऊल विद्यार्थ्याच्या खासगीपणाकडे, दुसरे त्याच्या घराकडे. दोन्ही एकाच वेळी कशी पडतील?

शाळेत पालकांना जागा, महाविद्यालयात का नाही?

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असे २००९ मध्ये ठरवले. राज्याच्या २०११च्या शुल्क नियमन कायद्याने शाळांतील पालक-शिक्षक संघाला शुल्कवाढीच्या निर्णयात स्थान दिले. बारावी संपली की हा दरवाजा बंद होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती नेमावी लागते. त्या समितीत संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, विभागप्रमुख, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण-उद्योग-समाजसेवेतली स्थानिक मंडळी, माजी विद्यार्थी, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असे सगळे आहेत. पालक म्हणून कोणालाही जागा नाही.

यामागचा तर्क चुकीचा नाही. विद्यार्थी सज्ञान आहे, परिषदेत तो स्वतः बसतो, त्याच्या वतीने वडिलांनी बोलण्याचे कारण नाही. पण मग कायद्याला पालक आठवतात तरी कधी? रॅगिंगच्या वेळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांत पालकांचा उल्लेख जागोजागी आहे. रॅगिंगविरोधी समितीत पोलीस, प्रशासन, माध्यमे, शिक्षक, विद्यार्थी यांच्याबरोबर पालकांचे प्रतिनिधी हवेत. विद्यार्थ्याबरोबर पालकानेही प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे. इतकेच नाही, तर प्रथम वर्ष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी प्राचार्यांनी वर्षअखेरीस पत्र पाठवून, पुढच्या वर्षी नव्या मुलांना त्रास देऊ नये म्हणून समजावा, असे आवाहन करायचे आहे. हे पत्र हातात पडलेला पालक किती जणांच्या पाहण्यात असेल, हा भाग वेगळा. प्रतिज्ञापत्राचेही तसेच. ते ऑनलाइन भरायचे असते आणि पालकाच्या नावाने ते अनेकदा नेट कॅफेवालाच भरून टाकतो.

महाराष्ट्राने तर त्याच्याही दहा वर्षे आधी पाऊल उचलले होते. राज्याच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात विद्यार्थ्याइतकाच पालकाला आणि शिक्षकालाही लेखी तक्रारीचा अधिकार आहे आणि तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे. गावाकडच्या पालकाला हे सांगायला कोणी बसत नाही.

एरवी पालकांची आठवण होते ती ‘नॅक’च्या वर्षी. मूल्यांकन जवळ आले की पालक मेळावे वाढतात, फोटो निघतात, अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले जातात. महाविद्यालयात काम केलेला कोणीही हे खासगीत मान्य करील.

अठराव्या वाढदिवशी नेमके काय बदलते?

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक वेगळा पदर आहे. इथे अकरावी-बारावी अनेकदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. अकरावीची मुलगी आणि एफवायची मुलगी एकाच फाटकातून आत जातात, एकाच खिडकीवर बोनाफाइड मागतात. कार्यालयातला लिपिक तोच, सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची पद्धत तीच. कायद्यासाठी मात्र या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. एक अल्पवयीन आहे, तिच्या माहितीबाबत पालकाची संमती लागते. दुसरी सज्ञान आहे आणि तिच्या माहितीबाबत संमती तिची स्वतःची लागते.

२०२३च्या विदा संरक्षण कायद्याने ही रेघ ठळक केली. गुणपत्रिका, हजेरी, शिस्तभंगाची नोटीस, समुपदेशकाकडची नोंद, वसतिगृहातली ये-जा ही डिजिटल स्वरूपात ठेवली की ती सगळी वैयक्तिक माहिती झाली. ज्या कामासाठी ती घेतली त्यापलीकडे ती वापरायची तर विद्यार्थ्याला विचारावे लागेल. संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या नियम अधिसूचित झाल्यापासून दीड वर्षाने लागू होतात, म्हणजे महाविद्यालयांकडे तयारीला थोडा वेळ आहे. सुरक्षिततेच्या उपायांत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शुल्क थकलेल्यांची यादी पीडीएफ करून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

याच कायद्यात एक अपवादही आहे. जिवाला धोका किंवा प्रकृतीला तातडीचा धोका असेल अशा वैद्यकीय आणीबाणीत संमतीसाठी थांबायचे कारण नाही. तेव्हा ‘कायद्यामुळे आम्ही घरी कळवू शकलो नाही’ ही सबब अशा प्रसंगी टिकणार नाही.

अमेरिकेत हा वाद पन्नास वर्षे जुना आहे. तिथल्या ‘फेर्पा’ या १९७४च्या कायद्यानुसार मूल महाविद्यालयात गेले की शैक्षणिक नोंदींवरचे पालकांचे अधिकार मुलाकडे जातात. फी भरणाऱ्या बापालाही गुण परस्पर मागता येत नाहीत. पण त्या कायद्याने खिडक्या ठेवल्या आहेत : मूल करविवरणात पालकांवर अवलंबून दाखवलेले असेल, आरोग्य किंवा सुरक्षेची आणीबाणी असेल, किंवा एकवीसपेक्षा कमी वयाच्या विद्यार्थ्याने दारू वा अमली पदार्थांचा नियम मोडला असेल, तर विद्यापीठ घरी कळवू शकते. नियम आधीच लिहिलेला असल्याने ऐन वेळी कोणा एका वॉर्डनच्या मर्जीवर निर्णय राहत नाही.

फी आम्ही भरतो, मग आम्हाला कळायला नको?

पालकांचा हा सवाल रास्त आहे, निदान अर्धा तरी. शैक्षणिक कर्जावर बहुधा वडिलांची सहकर्जदार म्हणून सही असते, कित्येक घरांत त्यासाठी सोने गहाण पडते, शेत विकले जाते. मुलाचे वर्ष वाया गेले तर हप्ते घराला फेडायचे असतात. म्हणून मूल वर्गात बसते का, परीक्षेला पात्र आहे का, शुल्काचा हिशेब काय, हे त्यांना कळले पाहिजे. पण ते कोणाबरोबर चहा पिते, समुपदेशकाशी काय बोलले, हे फी भरल्याने विकत मिळत नाही.

हजेरीच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. ७५ टक्क्यांचा नियम सर्वांना पाठ असतो, पण डिफॉल्टर लिस्ट लागते ती सत्र संपताना. तोवर भरून काढण्यासारखे काही उरलेले नसते. मग एकीकडे हॉल तिकीट अडते, दुसरीकडे ‘पालकांना घेऊन या’ म्हणून फर्मान निघते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या बापाला पुण्याला येऊन विभागप्रमुखांच्या दालनाबाहेर दोन तास उभे राहावे लागते. आत गेल्यावर त्याला सुनावले जाते ते मुलाच्या वागण्याबद्दल. हजेरी ऑगस्टमध्येच घसरली होती, मग ऑक्टोबरपर्यंत का कळवले नाही, असे विचारायचे त्याला सुचत नाही. सुचले तरी मुलाचे नुकसान होईल म्हणून तो गप्प राहतो.

दिल्ली उच्च न्यायालयाचा ३ नोव्हेंबर २०२५चा निकाल याच दुखण्यावर आहे. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये दिल्लीत आत्महत्या केली होती. नऊ वर्षांनंतर न्यायालयाने सांगितले की, विधी शाखेच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरीच्या कारणाने परीक्षेपासून रोखू नये. त्याचबरोबर दर आठवड्याची हजेरी पोर्टल किंवा अ‍ॅपवर दाखवावी, कमी पडत असेल तर पालकांना दरमहा कळवावे आणि तूट भरून काढायला जादा वर्ग घ्यावेत, असेही बजावले. हा आदेश विधी महाविद्यालयांपुरता आहे. पण त्यातला क्रम सगळ्यांनी घेण्यासारखा आहे. आधी माहिती विद्यार्थ्याला, मग घराला, आणि बरोबरच तूट भरून काढण्याची सोय. सोय न देता नुसता निरोप पाठवला तर ती घरी मार खायला लावलेली चिठ्ठी होते.

घरी गेलेला निरोप नेहमी मदतच करतो का?

इथे महाविद्यालयांनी थांबून विचार करायला हवा. समजा, पूर्णा तालुक्यातल्या एका गावातून मुलगी नांदेडला बीएस्सी करायला येते. सकाळची एसटी चुकली की पहिली दोन लेक्चर जातात, प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबले तर परतीची गाडी मिळत नाही. सप्टेंबरात हजेरी ५४ टक्क्यांवर येते. संगणकातून एक ठरावीक मेसेज सुटतो : ‘युवर वॉर्ड्स अटेंडन्स इज ५४ पर्सेंट, काइंडली मीट द एचओडी.’ अर्जातला क्रमांक तिच्या मोठ्या भावाचा असतो, कारण प्रवेशाच्या दिवशी तोच बरोबर आला होता. भाऊ मेसेज वाचतो आणि त्याला एकच अर्थ लागतो : ही कॉलेजला जात नाही, मग रोज जाते कुठे? घरात तो प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, त्याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. दिवाळीला घरी गेलेली मुलगी तुळशीच्या लग्नानंतर परत येत नाही. दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरला जात नाही, आणि महाविद्यालयाच्या दफ्तरी ती ‘ड्रॉप’ म्हणून नोंदली जाते.

मेसेजमधला आकडा खरा होता. खोटे काहीच नव्हते. फक्त एसटीची गोष्ट त्यात नव्हती, कारण ती मुलीला कोणी विचारलीच नव्हती. हीच माहिती वर्गशिक्षकाने आधी तिच्याकडून ऐकून घेतली असती, तिला दुपारच्या तुकडीत घेतले असते आणि मग घरी मराठीत फोन करून, ‘मुलगी चांगली आहे, गाडीची वेळ जुळत नाही, आम्ही प्रॅक्टिकलची बॅच बदलली आहे’ एवढे सांगितले असते, तर कदाचित भावानेच तिला सायकलवर फाट्यापर्यंत सोडले असते.

निरोप कोणाच्या हातात पडतो हेही पाहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे ‘पालकाचा क्रमांक’ हा बहुतेक वेळा वडिलांचा, काकांचा किंवा भावाचा असतो. जिच्याशी मुलगी मनातले बोलते त्या आईपर्यंत महाविद्यालय पोहोचतच नाही.

वसतिगृहांत हा भेद आणखी उघड असतो. मुलगी साडेआठला आली तर घरी फोन; मुलगा साडेदहाला आला तर वॉचमनच्या वहीत एक सही. अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत (२०१५) स्पष्ट म्हटले आहे की, मुलींच्या सुरक्षेचे कारण पुढे करून त्यांच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. तरीही ‘पालकांचीच मागणी आहे’ असे म्हटले की सगळे जण मान डोलावतात. पालकांची मागणी असेलही. पालकांशी सहकार्य म्हणजे त्यांची प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे, हे प्राचार्यांनी कधीतरी त्यांना समोर बसवून सांगायला हवे.

काही घरे तर मुलांसाठी धोक्याचीच असतात. आंतरजातीय प्रेमाची कुणकुण लागली म्हणून मुलीला नेऊन कोंडणारे पालकही महाविद्यालयाच्या फाटकावर ‘आम्ही पालक आहोत’ असेच सांगून येतात. अशा वेळी फाटकावरच्या माणसाला काय सूचना आहेत, हा प्रश्न कागदावर सुटलेला असावा लागतो.

कागद पालकांनी काढायचे, सूचना विद्यार्थ्याच्या ग्रुपवर का?

हजेरीहून अधिक वेळा घराची गरज लागते ती कागदांसाठी. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी भरतो, पण उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वडील काढतात. जात वैधतेसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला काका तालुक्याला जातात. बँक खाते आधारशी जोडायला आई दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभी राहते. आणि ‘उद्या शेवटची तारीख’ ही सूचना येते विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, रात्री नऊ वाजता, इंग्रजीत.

मुलींच्या मोफत शिक्षणाच्या वेळी हा गोंधळ सर्वांनी पाहिला. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय २०२४-२५ पासून लागू झाला. गावात बातमी पोहोचली ती ‘मुलींना कॉलेज फुकट’ एवढीच. खिडकीवर गेल्यावर कळले की सवलत शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. वसतिगृह, खाणावळ आणि इतर आकारणी वेगळी. काही ठिकाणी तर सवलतीचे शुल्कही आधी भरा, शासनाकडून आले की परत देऊ, असा पवित्रा घेतल्याच्या तक्रारी झाल्या. मराठीत छापलेले, रकमा लिहिलेले एक पान प्रवेशाच्या दिवशी हातात दिले असते तर यातला बराच मनस्ताप वाचला असता. त्याला ना अ‍ॅप लागते ना निधी.

नव्या शैक्षणिक धोरणाचीही हीच गत. मेजर, मायनर, क्रेडिट, एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स : मुलांनाच हे पुरते उलगडलेले नाही. ‘पेपर किती आणि पास की नापास’ एवढ्यावर वाढलेल्या पालकांना ‘तीन क्रेडिट राहिले’ म्हणजे किती घाबरायचे हे कळत नाही. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर बाहेर पडता येते हे कळल्यावर काही घरे मुलीसाठी तोच रस्ता सोयीचा मानतील, ही शक्यता महाविद्यालयांनी डोळ्याआड करू नये.

संकटाच्या वेळी घराला शेवटी का कळते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. शाळा आणि महाविद्यालये मिळून हा आकडा आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक आत्महत्येमागे एकच कारण नसते, आणि महाविद्यालयाने घरी फोन केला असता तर टळली असती असे सरसकट म्हणणेही चूक. पण अशा घटनांनंतरची कागदपत्रे वाचली तर एक गोष्ट वारंवार दिसते. वसतिगृहातल्या मित्रांना ठाऊक असते, कधी शिक्षकांनाही अंदाज असतो. घरी ठाऊक नसते. किंवा याच्या उलट : घरच्यांना ठाऊक असते, ते सांगत असतात, आणि महाविद्यालयात ऐकून घेणारी खुर्ची नसते.

मुंबईतल्या डॉ. पायल तडवी प्रकरणात (२०१९) मुलीला होणाऱ्या छळाबद्दल आपण आधीच सांगितले होते, असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. त्याच वर्षी पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी मिळून उच्च शिक्षणातल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आयआयटी दिल्लीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूनंतर साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांच्या पालकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच प्रकरणात मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. पालकांना देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा सापडतो आणि मुलाच्या महाविद्यालयाचा सापडत नाही, ही परिस्थिती विचित्र आहे.

जुलै २०२५ मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यांतली जास्त चर्चेत आलेली सूचना. कमी चर्चेत आलेली सूचना पालकांविषयी आहे : संस्थांनी पालकांसाठी नियमित कार्यक्रम घ्यावेत, मुलावर अवाजवी दडपण न आणणे आणि अस्वस्थतेची लक्षणे ओळखणे त्यांना समजावून द्यावे. पालकांना बोलावून मुलांच्या तक्रारी सांगण्याची आपली परंपरा पाहता हा मोठाच बदल आहे. (केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मुलांइतकाच पालकांनाही तिथे फोन करता येतो, हे अशा कार्यक्रमांत आवर्जून सांगायला हवे.)

खासगीपणा आणि घर या दोहोंचा मेळ कसा घालता येतो, याचे एक साधे उदाहरण इंग्लंडमधले आहे. विद्यार्थ्यांच्या काही मृत्यूंनंतर ब्रिस्टल विद्यापीठाने २०१८ पासून नोंदणीच्या वेळीच विचारायला सुरुवात केली : तुझ्या प्रकृतीविषयी आम्हाला गंभीर काळजी वाटली तर आम्ही कोणाशी बोलावे? नाव पालकाचे असू शकते, बहिणीचे किंवा मित्राचेही. ९० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी होकार दिला. मुलांना घरच्यांना काही कळूच द्यायचे नसते, हा समज त्या एका आकड्याने मोडीत काढला. त्यांना फक्त आधी विचारलेले हवे असते.

मग महाविद्यालयांनी करायचे काय?

पहिली गोष्ट प्रवेश अर्जातली. ‘पालकाचा मोबाइल’ हा एक रकाना पुरत नाही. शुल्क आणि कागदपत्रांसाठी कोणाशी बोलायचे, हजेरी-निकालासाठी कोणाशी आणि संकटात कोणाशी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ते स्वतः भरावेत, दर वर्षी बदलता यावेत. बदललेले नाव घरी कळवले जाणार नाही, याची हमीही तिथेच लिहिलेली असावी. अकरावी-बारावीसाठी हा अर्ज वेगळा हवा. एकाच छापील नमुन्यावर दोन्हींचे भागवणे आता कायद्यातही बसणार नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘जीएफएम’, म्हणजे वीस-पंचवीस मुलांमागे एक पालक-शिक्षक, ही पद्धत रुजली आहे. काही ठिकाणी ती फक्त नोंदवहीत आहे, पण जिथे शिक्षक मनावर घेतो तिथे तिचा उपयोग होतो, हे त्यातून गेलेले विद्यार्थी सांगतात. कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांत अडचण वेगळी आहे. वर्गात शंभरावर मुले, पदे रिक्त, आणि शिकवणारा निम्मा वर्ग तासिका तत्त्वावर. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने कोणाच्या घरी कोणत्या नात्याने फोन करायचा? पालक-संपर्काचे परिपत्रक काढणाऱ्या शासनाने भरतीच्या फाइलकडेही त्याच बैठकीत पाहायला हवे.

तिसरी गोष्ट पालक मेळाव्याची. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि शेवटी आभार, अशा कार्यक्रमाला रोजावर जाणारा माणूस कसा येईल? तो आला तरी बोलणार कधी? त्याऐवजी दोन-तीन शिक्षकांनी तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा रविवारी, एखाद्या शाळेच्या वर्गात तीन तास बसावे. त्या भागातल्या पालकांना आधी निरोप द्यावा. सोबत शिष्यवृत्तीचा एक जाणकार लिपिक न्यावा, कारण निम्मे प्रश्न दाखल्यांचेच निघतील. आया येतील अशी वेळ ठरवावी. त्या दिवशी शिक्षकाला कळेल की मुलगा शनिवारी गैरहजर का असतो : त्या दिवशी वडिलांबरोबर भाजीची गाडी तो चालवतो.

यातले बहुतेक काही करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेता येतो, पालकांच्या प्रतिनिधीला निमंत्रित म्हणून बोलावता येते. परिषदेचे विद्यार्थी समितीत आहेतच. कोणता निरोप घरी जावा आणि कोणता जाऊ नये, याचा मसुदा आधी त्यांनाच लिहायला सांगावा. येत्या प्रवेशाचे अर्ज छापखान्यात जायला अजून अवकाश आहे.